हातावरच्या वणाचा ‘आरए’ किती?

प्रश्न : मी भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. ग्राइंडिंग होऊन आलेल्या शाफ्टचा खरखरीतपणा रफनेस टेस्टरवर तपासणं हे माझं रोजचं काम. गेल्या दिवाळीत चकल्या तळताना कढईतलं तेल उडालं आणि माझ्या मुलीचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. जखम भरली, पण वण जाड आणि खडबडीत राहिला. तपासणीला गेलो की डॉक्टर त्यावर बोट फिरवतात आणि ‘मागच्या वेळेपेक्षा बरा आहे’ म्हणतात. मुलगी म्हणते, ‘बाबा, तसाच आहे.’ शाफ्टचा खरखरीतपणा आम्ही मायक्रॉनमध्ये सांगतो, मग वणाचा का नाही? टेस्टरची सुई हातावर चालवता येईल का? आणि असा आकडा मिळाला, तर मुलीला त्याचा काही उपयोग होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वणाचा खरखरीतपणा मोजता येतो. तुमच्या टेस्टरच्या पडद्यावर खरखरीतपणाचा जो ‘आरए’ हा आकडा दिसतो, त्याच्याच कुळातले आकडे आज त्वचेसाठी आणि भाजल्याच्या वणांसाठी वापरले जातात. नेदरलँड्समध्ये मोनिका ब्लूमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच विषय अभ्यासाला घेतला. २०११ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: वणाचा पृष्ठभाग यंत्राने, हातही न लावता, भरवशाने मोजता येतो. पण शाफ्ट लोखंडाचा असतो. तो दाबला जात नाही, हलत नाही, त्याला दुखत नाही. हाताचं तसं नाही. त्यामुळे पद्धत बदलावी लागते आणि आलेल्या आकड्याचा अर्थही जपून लावावा लागतो. तुमच्या पत्रातले मुद्दे एकेक करून घेऊ.

प्रश्न : डॉक्टरांचं बोट पुरेसं नाही का?

उत्तर : बोटाची जाण कमी आहे, असं मुळीच समजू नका. २०१३ मध्ये स्टॉकहोममधल्या केटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी बारीक सुरकुत्यांची नक्षी असलेले पृष्ठभाग स्वयंसेवकांना चाचपायला दिले. सुमारे १३ नॅनोमीटर उंचीची, म्हणजे मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या आसपासची नक्षीसुद्धा गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळी असल्याचं त्यांच्या बोटांना कळलं. अट एवढीच, की बोट पृष्ठभागावरून फिरलं पाहिजे. डॉक्टर वणावर बोट नुसतं टेकवत नाहीत, फिरवतात, ते याचसाठी.

अडचण तुलनेत येते. दोन वस्तू शेजारी ठेवल्या, तर कुठली जास्त खरखरीत हे बोट बिनचूक सांगतं. वणाच्या बाबतीत मात्र तुलनेची दुसरी वस्तू समोर नसतेच, ती तीन महिन्यांपूर्वीची असते. त्या वेळी तपासणारे डॉक्टर कदाचित वेगळे असतात. शिवाय ज्यांनी उपचार दिला, त्यांना गुण आलेला दिसावा ही इच्छा नकळत निरीक्षणात उतरते. हा कुणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. माणसाचं मन असंच चालतं आणि विज्ञानाला ते धरूनच पुढे जावं लागतं.

म्हणून डॉक्टरांनी आधी गुणतक्ते केले. १९९० मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात तयार झालेला तक्ता जगभर वापरला गेला. त्यात वणाचा रंग, त्यातली रक्ताची लाली, लवचिकपणा आणि उंची यांना गुण देतात. उंचीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: सपाट असेल तर शून्य, २ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर एक, २ ते ५ मिलिमीटर असेल तर दोन, त्याहून जास्त असेल तर तीन. आता याच्या मर्यादा तुमच्या लगेच लक्षात येतील. एक म्हणजे ४.५ मिलिमीटरचा वण उपचाराने २.५ वर आला, तरी गुण दोनच राहतो. दुसरं म्हणजे पृष्ठभाग खडबडीत आहे की नाही, याला या तक्त्यात वेगळी जागाच नाही.

२००४ मध्ये नेदरलँड्समधून दुसरा तक्ता आला. त्याचं इंग्रजी नाव थोडक्यात ‘पोसास’ असं म्हणतात. त्यात उंचसखलपणा हा स्वतंत्र मुद्दा झाला आणि प्रत्येक मुद्द्याला १ ते १० गुण ठेवले गेले. १ म्हणजे निरोगी त्वचेसारखा आणि १० म्हणजे कल्पनेतला सर्वांत वाईट वण. या तक्त्यातली मोठी गोष्ट पुढे आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक डॉक्टर भरतात, दुसरा रुग्ण स्वतः भरतो. दुखतं का, खाजतं का, ताठर वाटतं का, जाड वाटतं का, पृष्ठभाग उंचसखल वाटतो का, हे रुग्णाला विचारलं जातं आणि त्याचे गुण डॉक्टरांच्या गुणांच्या बरोबरीने नोंदले जातात. म्हणजे तुमच्या मुलीचं ‘बाबा, तसाच आहे’ हे वाक्य या पद्धतीत तक्रार म्हणून बाजूला पडत नाही. ती नोंद असते.

प्रश्न : मग टेस्टरची सुई सरळ हातावर का चालवू नये?

उत्तर : सुईच्या टोकाला हिऱ्याचा कण असतो आणि त्या टोकाची त्रिज्या साधारण २ ते ५ मायक्रॉन असते. सुईवरचा दाब अगदी कमी असला, तरी तो सगळा एवढ्याशा टोकावर एकवटतो. पोलाद तो सहज झेलतं. त्वचा मात्र दबते आणि सुईच्या पुढे सरकते, म्हणून सुई त्वचेचा आकार वाचता वाचता तो बदलतही जाते. शिवाय हातात मावणाऱ्या टेस्टरची सुई वरखाली काहीशे मायक्रॉनच जाऊ शकते. जाड वण आजूबाजूच्या त्वचेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर आलेला असला, तर सुई पहिल्याच चढणीला अडते. आणि नुकत्याच भरलेल्या, खाजणाऱ्या, हुळहुळ्या त्वचेवर टोकदार वस्तू ओढणं हे रुग्णाला सोसवणारंही नाही.

या अडचणीतून पूर्वी एक वाट काढली होती. दातांचे साचे घ्यायला वापरतात, त्या जातीचं पातळ सिलिकॉन रबर त्वचेवर पसरायचं, ते घट्ट झालं की सोलून काढायचं आणि सुई त्या साच्यावर चालवायची. साच्यात सगळं उलटं होतं, उंचवट्याच्या जागी खळगा आणि खळग्याच्या जागी उंचवटा. पण त्याचा हिशेब करता येतो. खरा त्रास वेगळाच होता. रबरात हवेचा बुडबुडा राहिला की तिथे खोटा खळगा किंवा उंचवटा तयार व्हायचा. केस अडकायचे. साचा काढताना ताणला जायचा. एकाच जागेचे लागोपाठ दोन साचे घेतले, तरी ते हुबेहूब जुळतील याची खात्री नव्हती. आणि एक सुई एका रेषेतच चालते. वणाचा पृष्ठभाग एका दिशेला नांगरल्यासारखा आणि आडव्या दिशेला बराच सपाट असू शकतो, त्यामुळे रेष कुठून ओढली यावर आकडा बदलायचा.

प्रश्न : हात न लावता मोजायचं ते कसं?

उत्तर : उजेडाने. दुपारच्या उन्हात खिडकीच्या गजांची सावली पायऱ्यांवर पडलेली आठवा. गज सरळ असतात, पण पायरीच्या कडेवर सावली मोडते आणि पुढच्या पायरीवर थोडी सरकून पडते. ती किती सरकली, हे पायरीच्या उंचीवर आणि ऊन किती तिरपं आहे यावर ठरतं. ऊन किती तिरपं हे माहीत असेल, तर सावली किती सरकली एवढ्यावरून पायरीची उंची काढता येते.

वण मोजणारं यंत्र हेच करतं. बर्लिनजवळच्या टेल्टो गावातल्या जीएफ मेसटेक्निक या कंपनीने ‘प्रिमॉस’ नावाचं यंत्र तयार केलं. त्यात एक प्रोजेक्टर आणि त्याच्याशी ठरावीक कोनात बसवलेला एक कॅमेरा असतो. प्रोजेक्टर त्वचेवर उजेडाचे आणि अंधाराचे समांतर पट्टे टाकतो. त्वचा सपाट असती, तर कॅमेऱ्याला पट्टे सरळ दिसले असते. उंचवट्यावर ते एका बाजूला वळतात, खळग्यात दुसऱ्या बाजूला. किती वळले त्यावरून प्रत्येक बिंदूची उंची निघते.

इथे एक हुशारी आहे आणि तिच्यामुळेच मायक्रॉनपर्यंत पोचता येतं. पट्टे एकदाच टाकून फोटो काढला, तर पट्ट्याच्या रुंदीहून बारीक काही नीट कळणार नाही. म्हणून तेच पट्टे थोडे थोडे सरकवत पाठोपाठ अनेक फोटो घेतात. त्वचेवरचा एकच बिंदू आधी उजेडात येतो, मग अर्धवट उजेडात, मग अंधारात. या चढउतारावरून पट्ट्याचा नेमका कितवा भाग त्या बिंदूवर पडला होता, हे गणिताने काढता येतं. पट्टे इतक्या झटपट सरकवण्यासाठी प्रोजेक्टरमध्ये सूक्ष्म आरशांची चिप असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेली ही चिप पुढे सिनेमाघरांतल्या प्रोजेक्टरमध्येही गेली. आरसे वेगाने हलतात, म्हणून सगळे फोटो सेकंदाच्या अंशात होतात. एवढा वेळ लहान मूलही हात स्थिर धरू शकतं.

तरी पथ्यं पाळावी लागतात. जागेवरचे केस काढावे लागतात, नाहीतर प्रत्येक केस यंत्राला उंचवटा वाटतो. मलम किंवा घाम पुसावा लागतो, कारण ओल्या चकाकीत पट्टे हरवतात. सावळ्या त्वचेवरून प्रकाश कमी परततो, तेव्हा उजेडाची मात्रा जुळवावी लागते. छाती-पोटावर श्वासाची हालचाल असते. एका वेळी फक्त काही सेंटिमीटरचा तुकडाच मोजला जातो, म्हणून पुढच्या खेपेला नेमका तोच तुकडा सापडावा यासाठी खुणा ठेवाव्या लागतात. कोपर, बोटांच्या बेचक्या, कानामागची जागा अशा वळणांवर काम अवघड होतं.

प्रश्न : आकडा ‘आरए’च का? दुसरेही आकडे असतात ना?

उत्तर : असतात, आणि इथे जरा थांबून बघायला हवं. आरए म्हणजे मधल्या रेषेपासून पृष्ठभाग सरासरी किती वर किंवा खाली गेला, त्याचं माप. तुम्ही ते एका रेषेवर काढता. प्रकाशाने मोजलं की अख्ख्या तुकड्याचा नकाशा हाती येतो, म्हणून तीच सरासरी सगळ्या क्षेत्रावर काढतात आणि तिला ‘एसए’ म्हणतात. पृष्ठभागाच्या अशा मापांसाठी आयएसओ २५१७८ हे मानक आहे.

पण एकट्या एसएवर विसंबून चालत नाही. समजा, एका वणावर सारख्या अंतरावर सहा ठिकाणी उंची मोजली आणि मधल्या पातळीपासून आकडे आले: +२०, +२०, +२०, −२०, −२०, −२० मायक्रॉन. दुसऱ्या वणावर आले: +२०, −२०, +२०, −२०, +२०, −२०. चिन्हं सोडून सरासरी काढा, दोन्हींची २०च येते. पण पहिल्या वणावर एकच रुंद उंचवटा आहे, दुसऱ्यावर तीन टोकं आहेत. बोट फिरवलं तर पहिला जवळपास सपाट वाटेल आणि दुसरा किसणीसारखा लागेल.

म्हणून ब्लूमेन यांच्या डच अभ्यासात तीन आकडे एकत्र तपासले गेले. पहिला, ही क्षेत्रफळावरची सरासरी. दुसरा, त्या तुकड्यातली पाच सर्वांत उंच टोकं आणि पाच सर्वांत खोल खळगे यांवरून काढलेला. ‘आरझेड’ काढताना पाच उंच आणि पाच खोल धरण्याची जुनी रीत तुमच्या ओळखीची असेल, तीच ही. तिसरा, टोकांची संख्या. सरासरी एकूण उंचसखलपणा सांगते, दुसरा आकडा टोकाची स्थिती सांगतो आणि तिसरा वीण किती दाट आहे ते सांगतो.

याहून महत्त्वाची गोष्ट कट-ऑफची. शाफ्टवर तुम्ही बहुधा ०.८ मिलिमीटरचा कट-ऑफ ठेवता. त्याहून रुंद चढउतार हा पृष्ठभागाचा लहरीपणा समजून टेस्टर गाळून टाकतो. हातालाही आधी असं गाळणं लागतंच, कारण हात गोल आहे. ती गोलाई वजा केली नाही, तर निरोगी हातही डोंगरासारखा मोजला जाईल. पण गाळणी फार बारीक ठेवली, तर वणाच्या चार-पाच मिलिमीटर रुंद गाठीसुद्धा गोलाईबरोबर वजा होतात आणि खडबडीत वण कागदावर गुळगुळीत ठरतो. म्हणून गाळणी कुठली लावली आणि केवढा तुकडा मोजला, हे लिहिल्याशिवाय वणाच्या खरखरीतपणाच्या आकड्याला अर्थ नाही. दोन दवाखान्यांचे आकडे ताडून बघण्याआधी हे विचारायलाच हवं.

प्रश्न : यंत्राने दिला म्हणजे आकडा खरा, असं धरायचं का?

उत्तर : नाही, आणि हे तुम्हाला समजावून सांगायला नको. नवीन गेज विभागात आला की तुम्ही आधी गेज आर अँड आर करता. एकाच माणसाने तोच जॉब पुन्हा मोजला तर किती फरक पडतो, वेगवेगळ्या माणसांनी मोजला तर किती, आणि हा फरक जॉबांमधल्या खऱ्या फरकापेक्षा पुरेसा लहान आहे का, हे पाहता. वैद्यकातही अगदी हेच करतात. नवं यंत्र रुग्णांवर वापरण्याआधी त्याची विश्वसनीयता अशीच तपासावी लागते.

पण शरीराच्या बाबतीत दुसरी परीक्षाही द्यावी लागते. यंत्र प्रत्येक वेळी तोच आकडा देईल, पण तो आकडा खरखरीतपणाचाच आहे कशावरून? तो चुकून केसांचा किंवा हाताच्या गोलाईचा असू शकतो. म्हणून ब्लूमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राचे आकडे पोसास तक्त्यातल्या उंचसखलपणाच्या गुणांशी ताडून पाहिले. माणसाला जो वण जास्त खडबडीत वाटतो, तोच यंत्रालाही जास्त खडबडीत दिसतो का, हे बघायचं होतं. दोन्हींचा मेळ बसला, तेव्हा यंत्र मान्य झालं. ज्या बोटाच्या निवाड्यावर भरवसा ठेवता येत नाही म्हणून यंत्र आणलं, त्याच बोटाच्या साक्षीने यंत्र तपासावं लागलं, हे विसंगत वाटेल. पण एकट्या बोटाचा निवाडा आणि अनेक वणांवर अनेक तपासणाऱ्यांनी दिलेल्या निवाड्यांचा कल, यात फार अंतर आहे. भरवसा त्या कलावर असतो.

प्रश्न : मुळात भाजल्यावर त्वचा खडबडीत होतेच का?

उत्तर : निरोगी त्वचाही गुळगुळीत नसते. मनगटाच्या वरच्या बाजूला भिंगातून पाहा. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतील आणि त्यांच्यामध्ये त्रिकोण-चौकोनांची जाळी. या रेषा काही दहा मायक्रॉन खोल असतात. त्वचा ताणली जाते, तेव्हा हीच जाळी उघडते आणि सोडली की मिटते.

भाजणं वरवरचं असेल, तर त्वचा खालच्या थरातल्या केसांच्या मुळांपासून आणि घामाच्या ग्रंथींपासून नव्याने उगवते आणि ही जाळी पुष्कळ प्रमाणात परत येते. भाजणं खोल गेलं, तर ही बीजंच जळतात. मग शरीर जखम घाईने बुजवतं. निरोगी त्वचेत कोलॅजनचे धागे सगळ्या दिशांना विणलेले असतात, वणात ते एकाच दिशेने दाट जुड्यांनी बसतात. जखम आखडून घेणाऱ्या पेशी काम संपल्यावरही रेंगाळल्या, तर गाठी वर येतात. जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त वेळ लागला, तर असा जाड वण होण्याचा धोका बराच वाढतो. तो साधारण पहिल्या काही महिन्यांत वाढतो, लाल आणि कडक होतो, आणि मग वर्ष-दोन वर्षांत हळूहळू निवतो.

त्वचारोपणाचा वण वेगळा असतो. मोठी जखम झाकायला कातडी पुरत नाही, म्हणून काढलेल्या पातळ कातडीला यंत्राने चिरा पाडून जाळीसारखं ताणतात. दीडपट ताणलेली जाळी असते, तिप्पट ताणलेलीही असते. या पद्धतीचं यंत्र १९६४ पासून वापरात आलं आणि त्याने अगणित जीव वाचवले. पण जाळीची भोकं जखमेसारखी भरतात, आणि ती नक्षी पुढे अनेकांच्या अंगावर कायम दिसते. अशा वणात टोकांची संख्या फार बोलकी असते.

आणि हेही लक्षात घ्या, की खरखरीतपणा कमी म्हणजे वण चांगला, असं समीकरण नाही. काही वण पातळ, चकचकीत आणि ताणलेले असतात. तिथे त्वचेची जाळी पुसली गेलेली असते आणि आकडा निरोगी त्वचेपेक्षाही कमी येतो. शाफ्टचा आरए जितका कमी, तितका तुम्हाला बरा. वणाचं उद्दिष्ट मात्र त्याच माणसाच्या, त्याच जागेच्या निरोगी त्वचेइतकं होणं हे आहे. म्हणून तुमच्या मुलीच्या उजव्या हाताचा आकडा एकटा वाचायचा नाही. तो डाव्या हाताच्या त्याच जागेच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचायचा.

प्रश्न : हा आकडा माझ्या मुलीच्या काय कामाचा?

उत्तर : दोन प्रकारे कामाचा. आधी सगळ्या रुग्णांच्या बाजूने बघू. वण काळाबरोबर आपोआपही निवत असतो. त्यामुळे कुठलंही मलम सहा महिने लावलं, तरी गुण आल्यासारखं वाटणार. त्यातला काळाचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा जाहिरातींतल्या फोटोंवर जाऊ नका. तिरप्या उजेडात काढलेला फोटो प्रत्येक उंचवटा दाखवतो आणि समोरून फ्लॅश मारला की तोच वण सपाट दिसतो.

नीट मोजमाप केलं तर काय हाती लागतं, याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या सिएटलचं आहे. भाजल्यानंतर घट्ट बाही किंवा मोजे घालायला देतात, त्याचा खरंच उपयोग होतो का, हा वाद जुना होता. लॉरेन एन्ग्रेव्ह आणि सहकाऱ्यांनी कोपराखालचा हात भाजलेल्या रुग्णांसाठी अशा बाह्या शिवून घेतल्या, की एकाच बाहीचा एक भाग नेहमीसारखा घट्ट आणि दुसरा सैल. दोन्ही भाग एकाच माणसाच्या एकाच वणावर, म्हणजे वय, आहार, काळ सगळं सारखं. मग कडकपणा ड्युरोमीटरने मोजला, रबराचा कडकपणा मोजायला तुमच्या क्षेत्रात वापरतात तोच. जाडी अल्ट्रासाउंडने मोजली. १२ वर्षं चाललेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष २०१० मध्ये आला: घट्ट भागाखालचा वण जास्त मऊ आणि पातळ झाला, रंगात मात्र फरक पडला नाही, आणि फायदा मुख्यतः मध्यम व जाड वणांनाच झाला. नुसत्या ‘बरा वाटतो’वर हा निवाडा कधीच मिळाला नसता. जाळीचं रोपण आणि अखंड कातडीचं रोपण, लेसर, कृत्रिम त्वचाथर यांच्या तुलनेत खरखरीतपणाचा आकडा असाच उपयोगी पडतो.

आता तुमच्या मुलीपुरतं. पट्ट्यांचा उजेड टाकणारी यंत्रं महाग आहेत आणि मुख्यतः संशोधन केंद्रांत किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्यांत वापरली जातात. रोजच्या ओपीडीत तक्ता, मोजपट्टी आणि फोटो यांवरच काम चालतं. पण शिस्त ठेवली, तर त्यातूनही पुष्कळ मिळतं. प्रत्येक भेटीत पोसास तक्ता भरावा आणि मुलीचा भाग मुलीनेच भरावा, असं डॉक्टरांना सुचवा. घरी महिन्यातून एकदा, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, त्याच अंतरावरून, वणाशेजारी मोजपट्टी ठेवून, फ्लॅश बंद करून दोन्ही हातांचा फोटो काढा. मनगट आणि कोपर पूर्ण वाकतात आणि पूर्ण सरळ होतात का, हेही तारखेसह लिहून ठेवा. मूल वाढतं, वण त्या प्रमाणात ताणला जात नाही, आणि सांध्याजवळचा वण वाढीच्या वयात आखडू शकतो. खरखरीतपणापेक्षा तिच्या हाताला याची काळजी जास्त हवी. डॉक्टरांनी सिलिकॉनची पट्टी किंवा घट्ट बाही दिली असेल, तर बोटाला फरक वाटत नाही म्हणून ती मध्येच सोडू नका. महिन्याभराचा बदल बोटाला कळण्याइतका मोठा नसतो.

आणि डॉक्टर ‘बरा आहे’ म्हणत असताना मुलगी ‘तसाच आहे’ म्हणत असेल, तर दोघंही खरं बोलत असू शकतात. डॉक्टर उंचीबद्दल बोलत असतील, ती खाजेबद्दल किंवा ताठरपणाबद्दल. खाज, ताठरपणा, रंग आणि खरखरीतपणा ही चार वेगळी मापं आहेत आणि एक सुधारलं म्हणून बाकीची सुधारतील असं नाही. तिला नेमकं विचारा: काय तसंच आहे? तिचं उत्तर पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा, कारण पुढचा उपचार त्यावर ठरू शकतो.

शेवटी सगळ्याच वाचकांसाठी एक विनंती. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक माणसं मध्यम किंवा गंभीर प्रमाणात भाजतात. वण किती खडबडीत होणार हे बरंचसं पहिल्या तासात आणि पहिल्या तीन आठवड्यांत ठरतं. भाजलेल्या जागेवर लगेच २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांतलं काहीही लावू नका. आणि दोन आठवडे होत आले तरी जखम भरण्याची चिन्हं नसतील, तर वाट न पाहता भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या विभागात किंवा प्लास्टिक सर्जनकडे जा.